खिदमतीचेही शिक्षण असते

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या उर्दू हायस्कूलच्या व्हरांड्यात आठ-पंधरा दिवस पालकांची वर्दळ असते. मुलगा असेल तर प्रश्न ठरलेला, "मॅडम, पुढे काय घ्यावे?" मुलगी असेल तर प्रश्न बदलतो, "मॅडम, पुढे शिकवावे का?" चार वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या हातात बारावीची गुणपत्रिका होती, कला शाखा, ६२ टक्के. दुसऱ्या हातात नर्सिंगच्या डिप्लोमाचा म्हणजे जीएनएमचा माहितीपत्रकाचा कागद. आई म्हणाली, "हिचे अब्बा नाही म्हणतात. तुमचे ऐकतील. तुम्ही एकदा बोला."

संध्याकाळी आम्ही त्यांच्या हातगाडीपाशी गेलो. ते फळे विकतात. सरळ माणूस, शाळेच्या फीची पावती कधी उशिरा घेतली नाही. त्यांनी पेरू बाजूला सारत आम्हाला स्टूल दिले आणि म्हणाले, "मॅडम, डॉक्टर होणार असेल तर राहते घर गहाण टाकतो. पण नर्स? रात्री-बेरात्री ड्यूटी, परक्या पुरुषांचे वॉर्ड. बिरादरीत काय तोंड दाखवू? उद्या हिच्यासाठी स्थळ कोण आणील?"

खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर नव्हते, कारण मनातून आमचेही मत थोडेफार तसेच होते. आम्ही शिक्षक मंडळी मुलींना डीएड, बीएड सुचवतो, कारण तो रस्ता आमच्या पायाखालचा आहे. ‘सिस्टर’ हा शब्द उच्चारताना आमच्याही आवाजात तो आदर नसतो, जो ‘डॉक्टर’ म्हणताना असतो. आम्ही चहा पिऊन परत आलो. मुलीचे एक वर्ष घरी गेले.

दादी पडली तेव्हा

त्या हिवाळ्यात त्यांच्या घरातली दादी अंगणात घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात दाखल केले. पहिल्या रात्री तिच्याजवळ फक्त मुलगा होता, बायका सकाळी येणार होत्या. रात्री दादीला लघवीला झाली. वॉर्डातला कर्मचारी भांडे घेऊन आला, तशी तिने चादर घट्ट धरली. परक्या पुरुषाला हात लावू देईना आणि पोटच्या मुलालाही सांगता येईना. मुलगा व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, "कुणी लेडीज आहे का? एखादी सिस्टर आहे का?" म्हणत. सिस्टर एकच होती आणि वॉर्ड भरलेला. ती आली तेव्हा बराच वेळ गेला होता. तिने आधी पडदा ओढला, दादीशी हळू आवाजात बोलली, अंगावरची चादर फक्त लागेल तेवढीच बाजूला केली आणि काम उरकले. जाताना दादीच्या टाचांखाली घडी घातलेले कापड ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच सिस्टरने सुनेला शिकवले की म्हाताऱ्या माणसाला अंथरुणात एकाच कुशीवर ठेवायचे नाही, साधारण दर दोन तासांनी अंग बदलायचे. टाच, माकडहाड, खुबा, जिथे हाड वर येते तिथली कातडी रोज पाहायची, लाल दिसली की तिथला भार काढायचा. नाहीतर शस्त्रक्रिया चांगली होते आणि माणूस अंथरुणातल्या जखमांनी जातो. हे सगळे नात शेजारी उभी राहून ऐकत होती.

महिन्याभराने ते अब्बा स्वतः शाळेत आले. टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "मॅडम, मी त्या रात्री साऱ्या दवाखान्यात बाई शोधत फिरलो. ती सिस्टर पण कुणाची तरी मुलगीच ना? तिच्या बापाने पण नाही म्हटले असते तर?" एवढे बोलून त्यांनी फॉर्म कधी निघणार ते विचारले.

आम्ही हा प्रश्न तेव्हापासून अनेक ठिकाणी विचारला आहे. आपल्या घरातली बाई बाळंतपणाला गेली की आपल्याला लेडी डॉक्टर हवी, लेडी नर्स हवी, इंजेक्शन द्यायला आणि ईसीजी काढायला बाई हवी. मागणी रास्त आहे. हया हा ईमानचा भाग आहे. पण ती बाई दुसऱ्या कुणीतरी आपल्या घरातून पाठवायची आणि आपली मुलगी मात्र घरात ठेवायची, हा न्याय कुठला?

ही वाट आपल्याला परकी नाही

जे लोक म्हणतात की हे काम आपल्या बायकांचे नाही, त्यांनी सीरतची पाने पुन्हा उघडावीत. मदिनेत हजरत रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) यांचा तंबू मस्जिद-ए-नबवीत होता आणि तिथे जखमींची देखभाल होई. खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना बाण लागला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना याच तंबूत ठेवायला सांगितले. हजरत उम्मे अतिया (रजि.) सात मोहिमांमध्ये सोबत होत्या, जेवण रांधणे, जखमींवर उपचार आणि आजाऱ्यांची देखभाल ही त्यांची कामे. हजरत रुबय्यिअ बिन्त मुअव्विज (रजि.) यांच्याबद्दलही हदीसमध्ये हेच येते, की त्या जखमींना पाणी देत आणि त्यांची काळजी घेत. सूरह माइदाच्या ३२व्या आयतीत एक जीव वाचविण्याला जो दर्जा दिला आहे, तो आपण जलशांत वारंवार ऐकतो. ऐकणे आणि मुलीचा फॉर्म भरणे यांत मात्र फार अंतर पडते.

आणि ही अडचण फक्त आपल्याच समाजाची होती असेही नाही. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. रमाबाई रानडे यांनी तिथून नर्सिंगच्या शिक्षणाला हात घातला, तेव्हा पुण्यातल्या प्रतिष्ठित घरांनाही ते रुचले नव्हते. त्याआधी १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करता करताच प्लेगने वारल्या. आज त्याच महाराष्ट्रात सर्व थरांतल्या मुली परिचारिका होतात आणि त्यांचे आई-वडील ते अभिमानाने सांगतात. केरळच्या मुलींनी तर हे शिक्षण घेऊन आखाती देशांची रुग्णालये सांभाळली. आपली मुलेही त्याच देशांत जातात, बहुतेक मजुरी किंवा ड्रायव्हिंगसाठी.

अकरावीत लागणारा फाटा

आता आमची चूक सांगतो. त्या मुलीला दहावीत विज्ञानात चांगले गुण होते. अकरावीत काय घ्यावे हे विचारायला ती आमच्याकडेच आली होती. आमच्या गावात मुलींसाठी जवळ कला शाखाच आहे, विज्ञानासाठी बसने जावे लागते. आम्ही म्हणालो, "आर्ट्सच घे, बेटी. घराजवळ आहे." एका वाक्यात आम्ही तिचा बीएस्सी नर्सिंगचा दरवाजा बंद केला आणि हे आम्हाला तेव्हा ठाऊकही नव्हते.

म्हणून प्रत्येक आई-वडिलांनी हे नीट समजून घ्यावे. नर्सिंगकडे जाणाऱ्या मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली बीएस्सी नर्सिंग. चार वर्षांची पदवी. बारावी विज्ञान शाखेतून, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांसह व्हावी लागते. खुल्या वर्गासाठी विज्ञान विषयांत किमान ४५ टक्के, राखीव वर्गासाठी ४० टक्के अशी अट आहे. महाराष्ट्रात ही महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. या पदवीसाठी राज्याची स्वतंत्र सीईटी असते, म्हणजे फॉर्म बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो. निकाल पाहून ठरवू म्हणणाऱ्यांचे वर्ष हमखास जाते.

दुसरी जीएनएम. तीन वर्षांचा डिप्लोमा. विज्ञान असेल तर उत्तम, पण कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीलाही हा खुला आहे. बारावीत आणि इंग्रजीत किमान ४० टक्के हवेत. आमच्या विद्यार्थिनीने हाच घेतला. पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीही मिळवता येते. म्हणजे आम्ही बंद केलेला दरवाजा अगदी कायमचा बंद नव्हता, वळसा मात्र पडला.

तिसरी एएनएम. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, बारावीनंतर. गावोगावच्या उपकेंद्रांत लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, बाळंतपण पाहणाऱ्या ज्या ‘सिस्टर’ आपल्याला माहीत आहेत, त्या याच.

प्रवेशाचे नियम अधूनमधून बदलतात. म्हणून दर वर्षी डिसेंबर-जानेवारीतच सीईटी कक्षाची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू वर्षाची सूचना पाहावी. शेजारच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी काय केले, त्यावर विसंबू नये.

तिथे शिकवतात तरी काय?

बऱ्याच घरांत समज असतो की नर्सिंग म्हणजे इंजेक्शन टोचणे आणि भांडे उचलणे, त्याला तीन वर्षे कशाला? आमच्या विद्यार्थिनीची पुस्तके आम्ही चाळली तेव्हा आमचा हा समज गेला. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे आणि सामुदायिक आरोग्य. दुसऱ्या वर्षी औषधोपचार आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांची परिचर्या, मानसिक आजार, बालकांचे आजार. तिसऱ्या वर्षी प्रसूती आणि स्त्रीरोग, पुन्हा सामुदायिक आरोग्य, आणि शेवटी इंटर्नशिप. वर्गातल्या तासांइतकेच किंबहुना जास्त काम वॉर्डात.

समाजशास्त्र आणि मानसशास्त्र कशासाठी, हे आम्ही तिला विचारले. तिने एक उदाहरण दिले. एका म्हाताऱ्या बाईची साखर रमजानमध्ये सारखी खाली येत होती. डॉक्टरांनी विचारले, गोळी वेळेवर घेता का? ती हो म्हणाली. खोटे नव्हते ते. ती सकाळची गोळी सहरीला आणि संध्याकाळची इफ्तारला घेत होती, मात्रा तीच, मध्ये दिवसभर उपवास. "मॅडम, मी विचारले, खाला, सहरीला काय खाता? तेव्हा कळले. त्या नुसता चहा आणि खजूर घेत होत्या." तिने ते डॉक्टरांना सांगितले, डॉक्टरांनी मात्रा आणि वेळ बदलून दिली आणि रोजा ठेवावा की नाही यावर त्या बाईशी नीट बोलले. आजार ओळखायला यंत्र लागते, पण माणसाचे घर ओळखायला त्या घरात काय शिजते ते माहीत असलेले कुणीतरी लागते.

२०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवराची साथ आली, मुले दगावली. लस न घेतलेली मुले त्यांत मोठ्या संख्येने होती. आपल्या वस्त्यांत त्या वेळी घरोघर फिरून आईला तिच्या बोलीत समजावून सांगणाऱ्या प्रशिक्षित मुली जास्त असत्या, तर काही घरांचे दरवाजे लवकर उघडले असते, असे आम्हाला राहून राहून वाटते. लाउडस्पीकरवरच्या आवाहनापेक्षा ओळखीच्या आपाचे दोन शब्द जास्त काम करतात.

आमच्या मुलींपुढची खरी अडचण इंग्रजीची आहे. उर्दू माध्यमातून आलेली मुलगी पहिल्या महिन्यात घाबरते, काही तर घरी परततात. आमच्या विद्यार्थिनीने एक वही केली. पानाचे तीन भाग. एका भागात इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात उर्दू, तिसऱ्यात मराठी. मराठीचा भाग भरायला ती सुट्टीत आमच्याकडे येई. दुखण्याला मराठीत किती शब्द आहेत, हे शिकवतानाच आम्हालाही नव्याने कळले. कळ येते, ठणकते, चमक मारते, आग होते, सलते, मुरडा येतो, शिणते. खेड्यातली आजी "पोटात मुरडा येतोय" म्हणते तेव्हा ती "पोट दुखतंय" एवढेच सांगत नसते. वॉर्डात हा फरक कळला पाहिजे, नाहीतर कागदावर नुसते ‘पोटदुखी’ लिहिले जाते. उर्दू शाळेत मराठीचा तास पोरी कंटाळून घालवतात. त्यांना आता आम्ही ही वही दाखवतो.

नर्सिंग नको असेल तर

प्रत्येकीला रक्त पाहवत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. आजारी, वृद्ध, निराधार यांच्या देखभालीचे दुसरे शिक्षण समाजकार्याचे आहे. बारावीनंतर तीन वर्षांचे बीएसडब्ल्यू, अलीकडच्या नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे काही ठिकाणी चार वर्षांचे, आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचे एमएसडब्ल्यू. देशातली समाजकार्य शिक्षणाची पहिली संस्था १९३६ मध्ये मुंबईतच निघाली, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे, मुंबईत निर्मला निकेतन आहे, नागपूरला मातृसेवा संघाचे महाविद्यालय आहे. या शिक्षणात आठवड्यातले काही दिवस प्रत्यक्ष वस्तीत, शाळेत, रुग्णालयात काम करावे लागते, त्याला क्षेत्रकार्य म्हणतात.

मोठ्या रुग्णालयांत ‘वैद्यकीय समाजसेवक’ असा एक कक्ष असतो. आपल्यातल्या कित्येकांना त्याचा दरवाजा कुठे आहे हेही ठाऊक नसते. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ अअ खालील योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. निर्धनांवर मोफत आणि दुर्बल घटकांवर सवलतीत उपचार व्हायला हवेत. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड घेऊन या कक्षात जायचे असते. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे आपल्याकडे ऑपरेशनसाठी दागिने मोडले जातात, मशिदीबाहेर चादर पसरली जाते. त्या कक्षात खुर्चीवर बसलेली आपल्या मोहल्ल्यातली एक मुलगी वर्षाकाठी किती घरे कर्जापासून वाचवील, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

फसवणूक ओळखा

आमच्याच शाळेतली दुसरी एक मुलगी. तिच्या आईने शिलाईचे काम करून साठवलेले पैसे भरून तिला शहरातल्या एका ‘नर्सिंग’ क्लासला घातले. वर्षभराचा कोर्स, पांढरा ॲप्रन, फोटो लावलेले मोठे प्रमाणपत्र. वर्षानंतर ती नोकरीला गेली तेव्हा समजले, की त्या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही आणि नोंदणी नसेल तर ती कायद्याने नर्स नाही. आज ती एका खासगी दवाखान्यात आयाच्या पगारावर नर्सचे काम करते. चूक झाली तर दोष तिचा, पगार मात्र आयाचा.

म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता चालू वर्षासाठी आहे का? शिकण्यासाठी कोणते रुग्णालय जोडलेले आहे, आणि त्यात रुग्ण खरोखर असतात का? शेवटी परीक्षा कोण घेते, विद्यापीठ, राज्याचे मंडळ, की क्लासचे मालक स्वतः? मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या परिषदांच्या संकेतस्थळांवर असतात. मोबाइल वापरणारा घरातला कोणताही मुलगा त्या पाच मिनिटांत काढून देईल. रुग्णसेवा साहाय्यकाचे काही महिन्यांचे सरकारी कौशल्य कोर्स असतात, ते खोटे नाहीत. पण त्यातून साहाय्यक होता येते, नर्स नाही. हे समजून घेऊन जो जाईल तो फसणार नाही.

पैसा आणि कागद

फीचा धसका घेऊन अनेक घरे इथेच थांबतात. सरकारी संस्थांत फी कमी असते, जागा मात्र थोड्या. २०२४ मध्ये राज्य शासनाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी वर्गातल्या मुलींचे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. आपल्यातल्या बागवान, मोमीन, अन्सारी, तांबोळी, पिंजारी, मणियार अशा अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत. पण किती घरांत जातीचा दाखला काढलेला आहे?

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, नगरपालिकेची जन्मनोंद, ज्यावर जात लिहिलेली आहे. आपल्या जुन्या दाखल्यांवर बहुतेक वेळा नुसते ‘मुस्लिम’ लिहिलेले असते, तिथेच गाडी अडते. मग दुसऱ्या नातेवाइकाचा पुरावा शोधावा लागतो, वंशावळ जोडावी लागते. त्यानंतर जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर. हे काम बारावीच्या निकालानंतर आठ दिवसांत होत नाही. मुलगी दहावीत असतानाच सुरू करावे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करावी. आणि जकात देणाऱ्या भाईंना एक विनंती. रमजानमध्ये धान्याचे किट वाटता, ते जरूर वाटा. पण आपल्या आलिमांना विचारून एखाद्या हक्कदार मुलीची एक वर्षाची फीही त्यात बसवा.

परदा, रात्रपाळी आणि निकाह

या तीन शब्दांवर येऊन सगळ्या बैठका थांबतात, म्हणून स्पष्ट बोलतो. आम्ही मुफ्ती नाही. पुरुष रुग्णांच्या देखभालीबाबत ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना भेटावे, पण प्रश्न पुरता मांडावा. "मुलीने पुरुषांत काम करावे का?" असे अर्धवट विचारू नये. आपल्या बायकांची बाळंतपणे कोण करणार, हेही सोबत विचारावे. शिक्षण पुरे झाल्यावर प्रसूतिगृह, बालरुग्ण विभाग, सामुदायिक आरोग्य, नर्सिंग महाविद्यालयात शिकवणे, असे मार्ग निवडता येतात. शिकताना मात्र सगळे वॉर्ड करावे लागतात, हे आधीच मान्य करून जावे.

आज बहुतेक ठिकाणी विद्यार्थिनींचा गणवेश सलवार-कमीज किंवा ट्युनिक-पँटचा असतो. डोके झाकण्याबाबत प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा असतो, तेव्हा प्रवेशाआधी प्राचार्यांना भेटून विचारावे, मागाहून वाद नकोत. शस्त्रक्रियागृहात तर सगळ्यांचेच केस टोपीखाली असतात. रात्रपाळी असते, नाही म्हणून चालणार नाही. पण विद्यार्थिनींची पाळी वॉर्डात, वरिष्ठ सिस्टरच्या देखरेखीखाली असते आणि अनेक संस्थांची वसतिगृहे आवारातच असतात. वडिलांनी एकदा स्वतः जाऊन वसतिगृह, वॉर्डन, येण्या-जाण्याची वाट पाहून यावी. पाहिले की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी बापाची असते, ती कुणाचीच जात नाही.

राहिला निकाह. आमची ती विद्यार्थिनी आता तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिला स्थळ आले. घर चांगले, मुलगा नमाजी, स्वतःचे दुकान. मुलाच्या आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, उजवा हात चालत नाही. त्या घरातल्या मोठ्यांनी आनंदाने सांगितले, "मुलगी नर्सिंगवाली आहे, फार छान. आमच्या आपाची खिदमत करील." आणि पुढच्याच दमात अट घातली, की शिक्षण आता पुरे, निकाह ईदनंतर लगेच, नोकरी करायची नाही.

त्यांना तिच्या हातातले हुनर हवे होते, फक्त ते त्यांच्या चार भिंतींच्या आत. सासूची खिदमत करायला तिची ना नाही. दादीच्या वेळी तिने ती केलीच आहे. तिचे म्हणणे एवढेच होते, की इंटर्नशिप पुरी होऊन नोंदणी होऊ द्या.

या वेळी आम्ही हातगाडीपाशी गेलो नाही. तिच्या अब्बांनीच पाहुण्यांना उत्तर दिले, ते तिच्या आईने आम्हाला सांगितले. म्हणाले, "भाईजान, रिश्ता आम्हाला पसंत आहे. पण आधी तिचे शिक्षण पुरे होऊ द्या, मग तारीख धरू. अर्धे शिकलेली नर्स तुमच्या अम्मीच्याही कामाची नाही." पाहुणे विचार करून कळवतो म्हणून गेले. हे लिहीपर्यंत त्यांचा निरोप आलेला नाही. येईल किंवा येणार नाही. घरात काळजी आहे, आईची झोप उडाली आहे. पण मुलगी सोमवारच्या बसने वॉर्डात हजर झाली.

आम्ही आमच्यापुरते एक ठरवले आहे. या वर्षीपासून दहावीच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या घरी अकरावीच्या प्रवेशाआधी एकदा जायचे आणि कला, विज्ञान यांपैकी कोणती वाट कुठे जाते ते आई-वडिलांसमोर कागदावर काढून दाखवायचे. विज्ञानासाठी बसने जावे लागत असेल, तर त्याच बसने जाणाऱ्या चार मुलींची जोडी जमवून द्यायची. "घराजवळ आहे, तेच घे" हे वाक्य आमच्या तोंडून पुन्हा जाऊ नये.

वाचकांनीही आपल्या घरात, मोहल्ल्यात दहावीला असलेली एक मुलगी आठवावी. तिला रक्ताची भीती वाटते का, आजाऱ्याजवळ बसायला आवडते का, एवढेच आधी विचारावे. उद्या आपण स्वतः अंथरुणाला खिळू तेव्हा पडदा ओढून, हळू आवाजात "खाला, घाबरू नका" म्हणणारी कुणीतरी तिथे असावी. अल्लाह आपल्या मुलींच्या हातांना शिफा देवो आणि आपल्याला त्यांना घराबाहेर पाठविण्याची हिंमत देवो. आमीन.